तळ्याकाठचे गोल्फ : रायपूरचे एक मैदान

छत्तीसगड हा तळ्यांचा प्रदेश आहे. भाताचे पीक, उन्हाळ्यातील पाणी, गुरांचे स्नान आणि गावातील अर्धीअधिक वार्ता या सर्वांचे केंद्र तेथे तळे हेच असते. रायपूर शहरातही बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध अशी जुनी तळी आहेत. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे अठराव्या शतकात पोहोचली, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा राज्यकारभारही नागपूर या राजधानीतूनच चालत असे. २००० साली छत्तीसगड राज्य अस्तित्वात आल्यावर जुन्या शहराच्या आग्नेयेस नवी राजधानी आखली गेली. तिला आज अटल नगर - नवा रायपूर म्हणतात. तेथे झांझ तलावाच्या काठी फेअरवे गोल्फ अँड लेक रिसॉर्ट या नावाचे अठरा छिद्रांचे मैदान आहे. भारतीय व्यावसायिक खेळाडूंच्या दौऱ्यातील छत्तीसगड खुली स्पर्धा २०२५ साली तेथे भरली होती.

अशा मैदानाला ‘अजिंक्यपदाच्या दर्जाचे’ असे विशेषण लावण्याची प्रथा आहे. हे विशेषण बहाल करणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच, की मैदान अठरा छिद्रांचे आहे, त्याची लांबी सुमारे सात हजार यार्डांच्या, म्हणजे ६.४ किलोमीटरच्या आसपास जाते, आणि प्रत्येक छिद्रासाठी आरंभाच्या अनेक जागा आखलेल्या आहेत. सर्वांत मागच्या जागेवरून व्यावसायिक खेळतो, पुढच्या जागांवरून हौशी. नवख्याची सर्वांत मोठी चूक येथेच होते. मागच्या जागेवरून खेळण्यात प्रतिष्ठा आहे असे समजून तो तेथे उभा राहतो आणि पहिल्या तासातच चेंडूंची पिशवी रिकामी करतो.

पाण्याविषयीचा नियम हा या खेळाच्या सर्वांत जुन्या नियमांपैकी एक आहे. १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे तेरा नियम लिहून काढण्यात आले. पाण्यात किंवा चिखलात गेलेला चेंडू बाहेर काढून मागे ठेवावा व प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा, अशी तरतूद त्यांत आहे. पावणेतीनशे वर्षांनंतरही तत्त्व तेच आहे. २०१९ मध्ये नियमांची पुनर्रचना झाली, तेव्हा अशा जागांना ‘दंडक्षेत्र’ या अर्थाचे नाव मिळाले. पिवळ्या खुंट्यांनी आखलेल्या क्षेत्रात चेंडू गेला, तर एका फटक्याचा दंड घेऊन पूर्वीच्याच जागेवरून पुन्हा मारता येते. किंवा चेंडूने क्षेत्राची सीमा जेथे ओलांडली तो बिंदू आणि छिद्र यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे जाऊन खेळता येते. खुंट्या तांबड्या असतील तर तिसराही मार्ग मोकळा असतो : त्या बिंदूपासून दोन दांड्यांच्या अंतरात, पण छिद्राच्या अधिक जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडावयाचा. चेंडू काठाच्या चिखलात दिसत असेल, तर दंड न घेता तेथूनच मारण्याचीही मुभा आहे. बूट आणि विजार यांची फिकीर नसणाऱ्यांनी ती अवश्य घ्यावी.

परंतु तळ्याकाठच्या खेळाचा गाभा नियमात नाही, हिशेबात आहे. समजा, चार फटक्यांच्या छिद्रावर पहिला फटका चांगला बसला. आता हिरवळ आणि खेळाडू यांच्यामध्ये तळ्याचा एक फाटा आहे. पाण्यावरून थेट मारले आणि चेंडू हिरवळीवर पोहोचला, तर आणखी दोन हलके फटके धरून एकूण चार होतात. पाणी टाळून आधी बाजूला मारले, तर पाच. चेंडू पाण्यात गेला, तर तो फटका वाया जातो, वर एक दंडाचा, आणि पुन्हा तेच पाणी समोर उभे. म्हणजे प्रत्येक अपयशाची किंमत दोन फटके. दुसऱ्या वेळीही यशाची शक्यता पहिल्याइतकीच आहे असे मानले, तर गणित सांगते की तीनांपैकी दोन वेळा पाणी ओलांडता येत असेल तरच थेट मारणे आणि बाजूने जाणे सारखे पडते. त्याहून कमी खात्री असणाऱ्याने काठाने जावे. सामान्य हौशी खेळाडूला लांब फटक्यात एवढी खात्री क्वचितच असते, तरीही तो मारतो. त्याचे कारण एक तर अभिमान, दुसरे दृष्टिभ्रम. पाण्यावर झाड नसते, बांध नसतो. नजरेला टप्पे मोजायला काहीच मिळत नाही, म्हणून पलीकडचा काठ आहे त्यापेक्षा जवळ भासतो. त्यात सकाळी स्थिर असलेले पाणी ऊन चढताच वाऱ्याने थरथरू लागते. मैदानावरचा कॅडी एक दांडी मोठी घ्या म्हणाला, तर ते ऐकण्यात शहाणपण आहे.

आणि या सर्व हिशेबावर पंच नाही. एरवीच्या खेळात प्रत्येक गटामागे निरीक्षक फिरत नसतो. चेंडू पाण्यात कोठून शिरला, चेंडूला दांडी लागून तो हलला की नाही, हे बहुधा खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने आपला चेंडू हलल्याचे स्वतःच सांगितले. इतर कोणी ते पाहिलेले नव्हते. तरी त्याने दंडाचा फटका लावून घेतला. निर्धारित फेऱ्यांअखेर त्याची विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक खेळात तो हरला. तो एक फटका नसता, तर निर्णायक खेळाची वेळच आली नसती.

मैदानावरील गवताविषयी थोडे सांगितले पाहिजे. उष्ण प्रदेशातील मैदानांवर ज्याला जगभर ‘बर्म्युडा’ म्हणतात, ते गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतात ती दूर्वा. शेतकरी जिचा निंदणीत धिक्कार करतो, तिचीच निवडक संकरित वाणे येथे काही मिलिमीटर उंचीवर कापून मखमलीसारखी राखतात. तिच्या पात्यांना एक कल असतो. त्या कलाच्या दिशेने ढकललेला चेंडू पळतो, उलट दिशेने ढकललेला अडखळतो. पहाटेच्या दवाने तो आणखी मंद होतो. रायपूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ खेळाला उत्तम. मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो, तेव्हा सूर्योदयाबरोबर आरंभ करून उन्हे तापण्यापूर्वी परतणे हाच मार्ग. जून ते सप्टेंबर पावसाचा अंमल असतो.

तळ्याच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न निराळाच दिसतो. हरळीला हिरवी ठेवायची तर उन्हाळाभर पाणी लागते, खत लागते. ज्या प्रदेशात तळे ही गावाची सामाईक ठेव आहे, तेथे ते पाणी कोणाचे, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, आणि तो विचारणे रास्त आहे. खतातील नत्र आणि स्फुरद पावसाबरोबर वाहून तळ्यात गेले, की शेवाळ माजते, जलपर्णी पसरते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. उपाय अवघड नाहीत. काठालगत उंच गवताचा न कापलेला पट्टा सोडला, तर तो खत अडवतो आणि पक्ष्यांनाही आसरा देतो. सिंचनासाठी शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येते. पाऊस तोंडावर असताना खत टाकू नये. मात्र हे सारे खेळाडूच्या नजरेआड होते, म्हणून खर्चात काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री बहुधा यालाच लागते. काठचे उंच गवत बेशिस्त दिसते अशी तक्रार करणारा सभासद प्रत्येक क्लबात असतो. त्या गवतात आपला चेंडू हरवतो, हे त्याच्या तक्रारीचे खरे कारण असते.

चेंडू शोधण्यासाठी पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच मिळतात.