व्हिडिओ गेमची दुकाने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डाउनलोड आले आणि व्हिडिओ गेमची दुकाने संपली, हा सर्वांत रूढ समज. तो अर्धाच खरा आहे. अमेरिकेतील गेमस्टॉप या साखळीचे जुने हिशेब पाहिले तर नफ्याचे मूळ निराळ्याच ठिकाणी सापडते. भरभराटीच्या काळात तिला कन्सोलवर साधारण 10 टक्के, नव्या गेमवर वीस-पंचवीस टक्के, पण वापरलेल्या गेमवर 40 टक्क्यांहून अधिक ढोबळ नफा सुटत असे. गिऱ्हाईक खेळून झालेली डिस्क देई, तिच्या बदल्यात मिळालेल्या रकमेत भर घालून नवी घेई आणि दिलेली डिस्क पुन्हा विक्रीला लागे. डाउनलोड केलेला गेम असा विकता येत नाही. त्यात मिळतो तो वापराचा परवाना. घाव बसला तो गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा दुकानात आणणाऱ्या या चक्रावर. कन्सोलवरच्या तुटपुंज्या नफ्यातून सूट देऊन ते चक्र पुन्हा फिरणार नाही.

जानेवारी 2021 मध्ये गेमस्टॉपचा शेअर 20 डॉलरच्या आसपासून 483 डॉलरपर्यंत उसळला, तेव्हा दुकाने वाचली असे अनेकांना वाटले. त्या वर्षी नवे शेअर विकून कंपनीने दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभारली, हे खरे. पण तो पैसा गुंतवणूकदारांचा होता. आर्थिक वर्ष 2021 मधील सुमारे 6 अब्ज डॉलरची विक्री 2024 मध्ये 3.8 अब्जांवर घसरली.

गेमच्या जोडीला काहीही विकायला ठेवले की गिऱ्हाईक येते, हेही खरे नाही. गेमस्टॉपने मोबाइलची दुकाने घेतली आणि पुढे विकून टाकली. जुलै 2022 मध्ये उघडलेला एनएफटी या डिजिटल मालकीपत्रांचा ऑनलाइन बाजार फेब्रुवारी 2024 मध्ये गुंडाळला. पोकेमॉनसारख्या संग्राह्य पत्त्यांचे मात्र जमले. ऑक्टोबर 2024 पासून गेमस्टॉपची दुकाने पत्ते प्रतवारीसाठी पीएसए या संस्थेकडे पाठवतात. कोपरे, कडा, छपाई तपासून पत्त्याला 1 ते 10 मधला दर्जा मिळतो आणि तो कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद होऊन परत येतो. त्यासाठी गिऱ्हाईक दोनदा दुकानात येते, आणि खरे मोल याच फेऱ्यांचे आहे.

जुने गेम म्हणजे अडगळ, हा समज तर थेट नुकसान करणारा आहे. ब्रिटनमधील गेम या साखळीने फेब्रुवारी 2024 मध्ये जुने गेम घेणे थांबवले. तिने आपल्या हाताने गिऱ्हाइकाचे येण्याचे कारण काढून घेतले. जुन्या वस्तूला जाणता हात लागतो. गेम बॉय या जुन्या हातातल्या कन्सोलच्या अनेक कार्ट्रिजमध्ये डाख देऊन बसवलेला बटणसेल असतो. तो संपला की जपून ठेवलेली प्रगती पुसली जाते. तो सेल बदलून, कार्ट्रिज चालवून दाखवणारे दुकान डाउनलोडला शक्य नसलेले काम करते.

निन्टेन्डो स्विच 2 या कन्सोलच्या ‘गेम-की’ कार्डांत संपूर्ण गेम नसतो, म्हणून ती पुन्हा विकता येत नाहीत असेही मानले जाते. गेम डाउनलोड करावा लागतो हे खरे, पण तो चालवायला कार्ड यंत्रात असावेच लागते. त्यामुळे ते कार्ड दुसऱ्याला विकता येते आणि दुकानालाही विकत घेता येते.