सूर्यशक्तीचा द्वारपाल

सूर्यप्रकाशापासून वीज देणारा सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे मांडला. परंतु वीज निर्माण करणे निराळे आणि ती साठविणे निराळे. छत्तीस घटांचे सौर पॅनेल भर उन्हात सुमारे १८ व्होल्ट दाब देते. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीस भरताना साधारणतः १४.४ व्होल्टच मानवतात. दाब याहून वाढत राहिल्यास आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून दोहोंमध्ये चार्ज कंट्रोलर बसवितात.

जोडणीत क्रमाला महत्त्व आहे. कंट्रोलरला प्रथम बॅटरी जोडावी, नंतर पॅनेल. कारण बॅटरीचा दाब पाहूनच पुष्कळसे कंट्रोलर आपली मर्यादा ठरवितात. सुटे करताना क्रम उलटा असावा. बॅटरीच्या धन अग्रालगत फ्यूज घालावा; अन्यथा तारा एकमेकींस भिडताच प्रचंड प्रवाह वाहून आग लागण्याचा संभव असतो. अनेक बॅटऱ्या समांतर जोडल्या असल्यास धन तार पहिलीवरून व ऋण तार शेवटचीवरून घ्यावी, म्हणजे भार सर्वांवर सारखा पडतो. कंट्रोलर बॅटरीजवळ, परंतु तिच्या बंद पेटीबाहेर ठेवावा. हायड्रोजनला एक ठिणगीही पुरते.

दुर्गम आरोग्यकेंद्रातील रात्रीचा दिवा व लसींचे शीतकपाट अशाच बॅटऱ्यांवर चालू शकते. तेथे एका तारेची चूकही रुग्णास भोवू शकते.