एका अक्षराचा विकार आणि संगणकाची वाट

आदिलाबाद जिल्ह्यातील विद्यार्थी दहावीनंतर इंटरमिजिएटला जातो, तेव्हाच त्याच्या विद्येची वाटणी होते. 'एमपीसी' घेणाऱ्यास गणित मिळते, 'बायपीसी' घेणाऱ्यास वनस्पती व प्राणी. पदवीच्या वर्गातही ही भिंत बहुधा उभीच असते. संगणकीय जीवशास्त्राचे दार मात्र नेमके या भिंतीतच आहे.

या शास्त्राचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. या जिल्ह्यातील गोंड समाजात सिकलसेलचा विकार आढळतो. हिमोग्लोबिनच्या एका जनुकातील एक अक्षर बदलते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. प्रथिनातील हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिला. परंतु बदल एकच असताना एका रुग्णास असह्य वेदना आणि दुसऱ्यास सौम्य त्रास, असे का व्हावे? त्याचे उत्तर उरलेल्या सुमारे तीन अब्ज अक्षरांत शोधावे लागते. पुष्कळ माणसांची अक्षरे शेजारी मांडावयाची, कोणता फरक कोणत्या लक्षणासोबत येतो ते मोजावयाचे, आणि तो निव्वळ योगायोग तर नाही ना, हे संख्याशास्त्राने पारखावयाचे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात पुढेही टिकते, त्याचा आजार सहसा सौम्य असतो. त्याच्याशी 'बीसीएल११ए' या जनुकाचा असलेला संबंध २००७ मध्ये अशाच मोजणीतून उघड झाला. त्या धाग्यावर उभारलेल्या जनुकोपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत मात्र २२ लाख डॉलर ठेवण्यात आली!

विद्यार्थ्याने आरंभ कोठून करावा? जनुकांचा 'जेनबँक' हा संग्रह १९८२ पासून चालू आहे आणि तो सर्वांस विनामूल्य खुला आहे. साधा संगणक पुरतो. बायपीसीवाल्याने प्रथम संख्याशास्त्र व मग पायथॉनसारखी एखादी संगणकभाषा शिकावी. गणितवाल्याने पेशीचा अभ्यास करावा. हे काम सोपे आहे असे समजण्याची चूक हुशार मुलेच अधिक करतात. नंतर एखाद्या प्रसिद्ध निबंधातील आकृती मूळ माहितीवरून स्वतः काढून पाहावी. पुष्कळदा ती जुळत नाही, आणि ती का जुळत नाही हे शोधताना खरे शिक्षण घडते. देशातील तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती मिळाल्यास पदवीच्या विद्यार्थ्यासही दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते. हैदराबादची 'सीसीएमबी' आदिलाबादपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. पुणे विद्यापीठात तर जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासून आहे.

जगातील अशा संग्रहांत युरोपीय वंशाच्या माणसांचीच माहिती फार मोठी आहे. गोंड, कोलामांची अत्यल्प. ती मिळवावयाची तर रक्त का हवे, त्याचे पुढे काय होणार, नकार दिल्यास औषध थांबणार नाही ना, हे सारे रुग्णास त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी लागते. गोंडी, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषा कानावर पडत वाढलेला मुलगा या कामी प्रयोगशाळेतील अनेकांच्या पुढे असतो.