पाण्यातला पट्टा

वांकिडी गावावरून आसिफाबाद–राजुरा रस्ता जातो, आणि रस्ता म्हटला की गाडीखाली सापडलेलं कुत्रं आलंच. मागचे पाय गेले की बहुतेक जण हात झटकतात. फिजिओथेरपी खरी सुरू होते ती तिथून.

जनावरांचे दवाखाने आपल्याकडे जुने आहेत. परळच्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं ते १८८६ साली. जनावराला पुन्हा चालतं करण्याचं शास्त्र मात्र कालपरवाचं. अमेरिकेत त्याला स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळाला २०१० मध्ये.

त्यातलं गुंगवून टाकणारं यंत्र म्हणजे पाण्यातला ट्रेडमिल. काचेची टाकी, तळाशी फिरता पट्टा. कुत्रं आत गेलं की दार बंद होतं आणि कोमट पाणी चढू लागतं. २०१० साली संशोधकांनी मोजून पाहिलं: पाणी मागच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाचा ९१ टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत ८५ आणि खुब्यापर्यंत आलं की एकदम ३८! पोट बुडलं की पाणी अंग उचलून धरतं. म्हणून सगळी कसोटी पातळीची. पाणी जास्त झालं तर कुत्रं तरंगतं, पाय हलवायचं सोडून देतं. काही बिलंदर तर पट्ट्याच्या कडेवर पाय टेकून फुकट सवारी करतात. मग थेरपिस्ट मागे वाकून पंजा हातात घेतो आणि प्रत्येक पावलाला तो पालथा न पडता गादीवर टेकेल असा ठेवतो. दर खेपेला तेच.

पण या सगळ्याआधी डॉक्टर कुत्र्याच्या मागच्या पायाचं बोट जोरात चिमटतात. पाय नुसता मागे ओढला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया. कुत्र्याने वळून पाहिलं, केकाटलं, तर दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय. डॅशहुंडच्या मणक्यांतली चकती सरकली असेल आणि ही जाणीव शाबूत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री चालतात. ती गेली असेल तर साधारण निम्मीच.

वांकिडीसारख्या गावी अशी टाकी कुठून येणार? घरी करता येतं ते एवढंच: फरशीवर गोणपाट, पोटाखाली पंचा घालून उभं करणं, सांधे हळूहळू वाकवणं. पीव्हीसी पाइपची दोनचाकी गाडीही होते, पण काळ्या मातीच्या चिखलात चाकं रुततात. शिवाय तिच्यात कुत्र्याला आडवं होता येत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने काढावीच लागते. सगळ्यात अवघड लघवीचं. मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामं करावं लागतं, नाहीतर संसर्ग होतो. कूस बदलली नाही तर जखमा पडतात. हे आठवडेच्या आठवडे चालतं, आणि पेरणीच्या दिवसांत घरातलं माणूस न् माणूस शेतात असतं.