घरी शिकवणं बेकायदा आहे का?

घरशाळा म्हणजे कायदेभंग, ही भीती अर्धवट माहितीतून येते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० हे ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतं खरं. पण ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. पुढची वाटही मोकळी आहे. वयाची १४ वर्षं झाली की ‘एनआयओएस’ या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून दहावी देता येते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे यंदा गणित, पुढच्या खेपेला विज्ञान असंही जमतं. मूल एकलकोंडं होईल, हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. त्याला मैदानावर, वाचनालयात, नाटकाच्या तालमीला नियमित नेण्याची तयारी नसेल, तर जवळची शाळाच बरी.