लाल दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे

डिचोली तालुक्यातील मये, शिरगाव, मुळगाव परिसरात खाणयंत्रांची घरघर पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि त्याच वर्षी मार्चच्या मध्यापासून राज्यातील खाणी थंडावल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खनिज गटांचा लिलाव झाला. त्यात डिचोली आणि शिरगाव-मये हे गट होते. २०२४ मध्ये डिचोली गटात उत्खननास प्रारंभ झाला.

या मधल्या काळात अनेक पोकलेन, लोडर आणि टिप्पर मालकांच्या आवारात, माळरानावर किंवा रस्त्याकडेला उभे राहिले. २०१८ ते २०२३ असे सहा पावसाळे त्यांनी अंगावर घेतले. गोव्यात मोसमी पावसाची सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर आहे. गंजलेला पत्रा, फाटलेला टायर, गळणारा हायड्रॉलिक पाइप डोळ्यांना दिसतो आणि तो बदलला जातो. परंतु चालकाच्या आसनामागे किंवा इंजिनाच्या बाजूला बसवलेला कंट्रोलर आणि त्याला जोडणाऱ्या वायरिंगचे कपलर बाहेरून जसेच्या तसे दिसतात. धोका आहे तो तिथेच.

हातातील दांड्यापासून संगणकापर्यंत

जुन्या यंत्रांत चालकाने दांडा ओढला की तेलाचा वॉल्व्ह थेट उघडत असे. हात आणि बकेट यांच्यामध्ये लोखंड आणि तेल यांखेरीज काही नव्हते. आजच्या बऱ्याच यंत्रांत इंजिनाचा वेग आणि हायड्रॉलिक पंपाचा जोर कंट्रोलर ठरवतो. काही यंत्रांत तर जॉयस्टिकची हालचालही आधी विजेच्या संकेतात बदलते. कंट्रोलर तो संकेत वाचतो, किती तेल सोडायचे याचा हिशेब करतो आणि तेवढा विद्युतप्रवाह वॉल्व्हकडे पाठवतो. हा बदल टाळता येण्याजोगा नव्हता. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी एप्रिल २०२१ पासून चौथ्या आणि जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे उत्सर्जन निकष लागू झाले. इंधनाचा थेंबन् थेंब मोजल्याशिवाय ते पाळता येत नाहीत आणि ते काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाशिवाय होत नाही.

कंट्रोलर स्वतः काही पाहत नाही. सेन्सर जे सांगतील तेच त्याचे जग. म्हणून यंत्रे घडवणाऱ्यांनी एक साधी युक्ती योजलेली असते. पाच व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरचा संकेत साधारणपणे अर्धा ते साडेचार व्होल्ट यांच्या दरम्यानच राहील अशी रचना करतात. वायर तुटली तर संकेत शून्यावर येतो, शॉर्ट झाली तर पाचावर जातो. दोन्ही आकडे मर्यादेबाहेरचे असल्याने कंट्रोलर बिघाड ओळखतो, लाल दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद उतरवतो किंवा हालचाल थांबवतो. यंत्र थांबल्याने दिवसाचा रोजगार बुडतो, पण माणूस सुखरूप राहतो.

खरी अडचण मर्यादेच्या आतल्या चुकीची आहे. कपलरमध्ये ओल शिरून पिना हिरव्या पडल्या, की त्या जागी विजेला अडथळा निर्माण होतो. अडीच व्होल्टचा संकेत कंट्रोलरपर्यंत पोहोचेतो सव्वादोनचा होतो. हा आकडा मर्यादेत असल्याने कंट्रोलर तो खरा मानतो. दिवा लागत नाही, सायरन वाजत नाही. वीस टनांच्या पोकलेनची बूम अपेक्षेपेक्षा वेगाने खाली येते किंवा दांडा सोडल्यावरही क्षणभर फिरत राहते. शेजारी माप घेणाऱ्या मजुराला तेवढा क्षण पुरेसा ठरू शकतो.

यावर उतारा म्हणून महत्त्वाच्या जागी दोन सेन्सर बसवतात. दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर यंत्राने स्वतःहून थांबावे, हे त्यामागचे तत्त्व. एकाच सेन्सरवर विसंबण्याचे परिणाम जगाने विमानांच्या बाबतीत पाहिले आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ जण मृत्युमुखी पडले. विमानाचे नाक खाली दाबणारी स्वयंचलित प्रणाली एकाच सेन्सरच्या मापावर अवलंबून होती आणि ते मापच चुकीचे येत होते. माती हलवणाऱ्या यंत्रांच्या नियंत्रण प्रणाली किती विश्वासार्ह असाव्यात, यासाठी आयएसओ १९०१४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ज्या हालचालीने जीव जाऊ शकतो, तिच्या नियंत्रणाला अधिक कडक कसोटी, असा त्याचा गाभा आहे.

बिघाडाला हातभार माणसाचाच

कारखान्याने घेतलेली ही काळजी कामाच्या जागी मात्र अनेकदा निकामी केली जाते. यंत्र तासाच्या भाड्यावर असते, बँकेचा हप्ता थांबत नाही आणि पावसाळ्यापूर्वीचे दिवस मोजके असतात. अशा वेळी लाल दिवा लागला की बिघाड शोधण्याऐवजी सेन्सरची वायर काढून तिथे जोडतार लावण्याचा मोह होतो. चालकाने आसन सोडले की हायड्रॉलिक बंद करणारा सुरक्षा स्विच अशाच रीतीने ‘बायपास’ होतो. टिप्परचा हौदा वर असल्याची सूचना देणारा सेन्सर तोडला, तर हौदा उचललेलाच ठेवून गाडी गावच्या रस्त्यावर येऊ शकते आणि डोक्यावर वीजवाहिन्या असतात. जोडतारेने बिघाड जात नाही. बिघाड झाल्यास थांबण्याची यंत्राची सवय तेवढी जाते.

नकळत होणारे नुकसानही कमी नाही. चिरलेल्या बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी आणि कंट्रोलर यांची जोडणी काढली नाही, तर वेल्डिंगचा प्रवाह कंट्रोलरमधून वाट काढतो. २४ व्होल्टच्या यंत्राला दुसऱ्या बॅटरीने सुरू करताना तारा उलट लागल्या तरी तीच गत. लाल माती धुण्यासाठी जोराच्या फवाऱ्याने पाणी मारले की ते थेट कपलरमध्ये घुसते. यांतील काही कंट्रोलर लगेच मरत नाहीत. ते आजारी अवस्थेत काम करत राहतात आणि ऊन तापल्यावर किंवा यंत्र हादरल्यावर अधूनमधून चुकतात. मेकॅनिकसमोर मात्र सारे सुरळीत चालते.

कामावर आणण्यापूर्वी

दीर्घकाळ उभे राहिलेले यंत्र केवळ तेल आणि बॅटरी बदलून कामावर आणू नये. प्रत्येक कपलर उघडून पिना पाहाव्यात, कोरड्या कराव्यात, गंजलेल्या बदलाव्यात. कंट्रोलर एकमेकांशी ज्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा रोध असतो. यंत्र बंद ठेवून त्या दोन तारांमध्ये मीटर लावल्यास आकडा ६० ओमच्या आसपास यायला हवा. तो १२० आला तर कुठेतरी जोड तुटला आहे, असे समजावे. जुन्या बाजारातून घेतलेला कंट्रोलर त्याच मॉडेलचा आणि त्याच सॉफ्टवेअरचा आहे की नाही, हे तपासल्याशिवाय बसवू नये. आपत्कालीन बटणाने कंट्रोलरच्या मर्जीवर न राहता यंत्र थांबते का, हे मोकळ्या जागी करून पाहावे. बिघाडाचा संकेतांक पुसण्यापूर्वी तारखेसह वहीत लिहून ठेवावा. तोच संकेतांक पुन्हा आला, तर मूळ दुखणे कायम आहे.

खाणीतील यंत्रांच्या सुरक्षिततेवर खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते. परंतु तेच पोकलेन दुसऱ्या दिवशी घराच्या पायासाठी, रस्त्याच्या कामासाठी किंवा शेताच्या बांधावर जाते, तेव्हा तिथे तपासणारे बहुधा कोणी नसते. तिथे यंत्र भाड्याने घेणाऱ्याने ताशी दर विचारताना आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: कोणता सुरक्षा स्विच बायपास केला आहे का, आणि शेवटचा बिघाड कोणता होता? यंत्र विचित्र वागते आहे, असे चालक सांगतो तेव्हा त्याला कामचुकार ठरवण्याचीही गरज नाही. दांड्यामागचा बदल सर्वांत आधी त्याच्याच हाताला जाणवतो. त्याच्या सांगण्यावरून यंत्र अर्धा दिवस थांबले, तर बुडणारे भाडे पुढच्या आठवड्यात भरून निघते.