उंबरठ्याची उंची

एक इंच उंची चढायला एक फूट लांबीचा उतार, हा रॅम्पचा साधा हिशेब. बांधकामाच्या भाषेत १:१२. कार्यालयाचे जोते दीड फुटाचे असेल, तर उतार अठरा फुटांचा हवा. शिवाय दारासमोर व्हीलचेअर थांबेल आणि वळेल एवढी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांच्या कडेला सिमेंट ओतून चार-पाच फुटांची घसरगुंडी केलेली दिसते. तिच्यावरून मोटारसायकल झोकात आत जाते. व्हीलचेअरला मात्र मागून दोन माणसे लागतात. तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद होते आणि विषय संपतो.

अडचण माणसाच्या पायांत किती आणि जोत्यात किती, या प्रश्नावर दिव्यांगांच्या समावेशनाचा सगळा विचार उभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराने शारीरिक उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या गाठभेटीतून दिव्यांगत्व घडते, ही भूमिका घेतली. भारताने २००७ मध्ये हा करार मान्य केला आणि २०१६ मध्ये त्याला धरून नवा कायदा केला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर गेले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली होती, त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. ती मोजणी नव्या कायद्याआधीच्या, जनगणनेच्या आठ प्रकारांच्या यादीवर झालेली आहे, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

याच कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास किमान सहा महिन्यांची कैद होऊ शकते. गावोगाव माणसाच्या व्यंगावरूनच त्याला हाक मारायची सवय आहे आणि हाक मारणाऱ्याला त्यात अपमान वाटतही नाही. ‘अपंग’ जाऊन सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ आला. पारावरची हाक तीच राहिली.

आपल्याकडे अडथळा काढण्यापेक्षा सवलत देणे सोपे वाटते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट आहे आणि गरिबाला तिचा मोठा आधार आहे. पण साध्या गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. कुबड्या आधी आत टाकायच्या, दांडा धरून अंग वर ओढायचे, तोवर मागची गर्दी खोळंबून कुरकुरते. ज्याला एवढेही जमत नाही त्याला तिकीट कितीही स्वस्त असले तरी गाडी बंदच. कर्णबधिरांच्या वाट्याचा अडथळा तर दिसतही नाही. ग्रामसभेत लाउडस्पीकर लागतो. सांकेतिक भाषा जाणणारा कुणी नसतो. हजेरीवर सही होते, ठराव काय झाला ते घरी गेल्यावर भावाकडून कळते.

वेगळी वस्ती की सगळ्यांत मिसळणे, हा वाद जुना आहे आणि वरोऱ्याच्या आनंदवनाइतका त्याचा बोलका दाखला दुसरा नाही. बाबा आणि साधनाताई आमटे यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत सुरू केली ती गावांनी या माणसांना बाहेर काढले होते म्हणून. त्यांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली. पण सुरुवातीला आसपासचे लोक तिथली भाजी घ्यायला तयार नसत. पुढे, १९६४ मध्ये, याच संस्थेने आनंदनिकेतन महाविद्यालय काढले आणि तालुक्यातली धडधाकट मुले तिथे शिकायला येऊ लागली. कुष्ठरुग्णांना समाजात परत नेण्याची भाषा सगळेच करतात. इथे समाजालाच त्यांच्या दारी यावे लागले. तरीही आनंदवन हा गावांच्या नकारावरचा तोडगा होता, आणि प्रत्येक तालुक्याला आमटे कुठून आणणार?

शाळेच्या बाबतीत मात्र ‘मिसळा’ म्हणून भागत नाही. २०१६ चा कायदा ६ ते १८ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा निवडण्याचा हक्क देतो, आणि ही निवड महत्त्वाची आहे. सांकेतिक भाषा येणारे शिक्षक आणि सोबती नसतील, तर चाळीस मुलांच्या वर्गात बसलेले कर्णबधिर मूल विशेष शाळेतल्यापेक्षा जास्त एकटे पडते. दृष्टिहीन मुलाला ब्रेलमधले पुस्तक इतरांसारखे जूनमध्येच हवे. ते दिवाळीनंतर आले तर सहामाही हातची गेलेली असते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मत देण्याची सोय होती. ती ऐच्छिक होती. केंद्रावर जाऊन, रांगेत चार ओळखीचे भेटून मत द्यायचे, तर दाराशी उतार हवा. गावातले केंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असते. जिथे पक्का रॅम्प नाही तिथे आदल्या दिवशी फळ्या टाकून, वर जाजम अंथरून तात्पुरता उतार केला जातो. मतदान संपते, पेट्या जातात, फळ्या मंडपवाल्याकडे परत जातात आणि त्याच पायऱ्यांवर शाळा पुन्हा भरते.